बीपी वाढवायच्या गोळ्या बंद केल्यापासून बाबांचा उभ्याचा बीपी उतरतोय. तो कुठे थांबेल?

प्रियोळची लेक
१२ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार. थोडं लांबेल, पण आकडे सगळे देते. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळणार.

माझे बाबा ७७ वर्षांचे. मराठी शाळेत मास्तर होते, आता घराशेजारचं छोटं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, बघतात. मधुमेह २२ वर्षांपासून. गेल्या श्रावणात पहाटे न्हाणीकडे जाताना उंबऱ्यावर कोसळले, कपाळाला चार टाके पडले. त्याआधी दोनेक महिने ते म्हणत होते, "उबो रावलो की घुंवळ येता." म्हणजे उभा राहिलो की चक्कर येते. आम्ही साखर तपासली, कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मानेचा एक्सरे काढला. बीपी प्रत्येक ठिकाणी खुर्चीत बसवून घेतला. १२६, १३०. सगळीकडे "उत्तम आहे" म्हणून सांगितलं. पडल्यावर एका तरुण डॉक्टरने त्यांना आधी पाच मिनिटं आडवं झोपवलं आणि मग उभं करून बीपी घेतला. झोपून १३८/७८ होता, तो तिसऱ्या मिनिटाला ८८/५४. मी तिथेच उभी होते. बाबांच्या ओठांचा रंग गेलेला दिसला.

मग फ्लुड्रोकॉर्टिसोनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी एक, अशी सुरुवात झाली. तेवढ्याने भागेना, म्हणून ऑक्टोबरात मिडोड्रिन आलं. आधी २.५, मग ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि शेवटची गोळी झोपायच्या चार तास आधी. फरक पडला हे कबूल करायलाच हवं. बाबा दर सोमवारी मंगेशीच्या पालखीला जायचे, ते मधले तीन महिने बंद पडलं होतं. दिवाळीनंतर पुन्हा जायला लागले.

फेब्रुवारीत मात्र पाय सुजले. चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत जात नसे. रात्री झोपून बीपी घेतला तर १७६/९६. रक्तात पोटॅशियम ३.१, म्हणजे कमी. डॉक्टर म्हणाले, उभ्याचा बीपी सांभाळताना रात्रभर हृदयावर आणि मेंदूवर भार पडतोय, हे असंच चालू ठेवता येणार नाही. मिडोड्रिन कमी करत सकाळ-दुपार २.५ वर आणलं. फ्लुड्रोकॉर्टिसोन पंधरा दिवस अर्धी गोळी आणि २४ मार्चपासून बंद. मिडोड्रिनही ३१ मार्चला बंद.

तेव्हापासून वहीत लिहिलेले आकडे असे. सगळे सकाळी साडेआठचे, पेज घेण्याआधीचे. ३० मार्चला झोपून १४८/८२, तीन मिनिटं उभं राहून ११६/६८. ३ एप्रिलला १४०/७८ आणि १०४/६०. ८ एप्रिलला १३४/७६ आणि ९४/५६, त्या दिवशी घुंवळ आली, खांब धरून बसले. काल ११ ला १३२/७४ आणि ९२/५६. वजन ६४.२ होतं, ते ७ एप्रिलला ६१.८ झालं आणि आजही तितकंच आहे. पायाची सूज पूर्ण उतरली. पोटॅशियम १० तारखेला ४.२ आलं.

जवळच्या एका दवाखान्यात वही दाखवली. त्यांनी फक्त झोपलेला आकडा वाचला आणि म्हणाले, "एकदम नॉर्मल, गोळ्यांची गरजच नव्हती." मला राग आला. ९२ त्यांना दिसलाच नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर २० तारखेपर्यंत बाहेरगावी आहेत.

मला विचारायचंय ते हे. गोळी बंद केल्यावर बीपी मूळच्यापेक्षाही खाली जातो का? हा उतार किती दिवस चालतो? आणि कुठल्या आकड्यावर मी थांबू नये, सरळ गाडी काढावी? मे महिना तोंडावर आलाय, उकाड्याचीही धास्ती वाटते.

म्हापशाची सिस्टर
१३ एप्रिल, सकाळी ७:०५

ताई, मी ३१ वर्षं वॉर्डात काढलीत, आता निवृत्त आहे. तुमची वही बघून बरं वाटलं. झोपून आणि उभं राहून, दोन्ही घेणारी माणसं फार थोडी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर त्याची दखल घ्यायची असते. तुमच्या बाबांचा ४० उतरतोय, आणि खुर्चीत बसवून तो कधीच कळला नसता.

तीन गोष्टी विचारते. उभं असताना पट्टा बांधलेला हात कुठे असतो? खाली लोंबत असेल तर आकडा खोटा जास्त येतो. हात छातीच्या पातळीवर तुम्ही आपल्या हाताने धरून ठेवा. दुसरं, नाडी लिहिता का? मशीन ती दाखवतंच. बीपी इतका उतरल्यावर नाडी चांगली वाढायला हवी. ती जवळपास तिथेच राहिली तर मधुमेहाने नसा, म्हणजे मज्जातंतू, दमल्यात असं समजायचं. नाडी खूप वाढत असेल तर शरीरात पाणी किंवा रक्त कमी आहे का, ते बघावं लागतं. ह्या दोन वाटा अगदी वेगळ्या.

तिसरं, पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली आहे का? उशा रचून नव्हे, अख्खा पलंग तिरका हवा. सपाट झोपलं की रात्री बीपी चढतो, मूत्रपिंडं लघवीवाटे मीठ-पाणी टाकून देतात आणि पहाटे माणूस रिकामा उठतो. बाबा पहाटेच पडले होते ना?

प्रियोळची लेक
१३ एप्रिल, सकाळी ९:२०

सिस्टर, नाडी लिहिते. काल झोपून ७२, उभं राहून ७७. आज हात धरून घेतला, ९०/५४ आला.

पलंगाखाली श्रावणापासून चिऱ्याचे तुकडे होते. फेब्रुवारीत पाय सुजले तेव्हा आम्हीच ते काढले. पाय वर राहिले तर सूज उतरेल असं एका नातेवाइकाने सांगितलं होतं. म्हणजे दोन महिने ते सपाट झोपतायत. डॉक्टरांना हे सांगायचंही सुचलं नाही. आज दुपारी चिरे परत घालते.

डिचोलीकर
१३ एप्रिल, दुपारी ३:३०

ताई, मी ह्यातून स्वतः गेलोय, म्हणून लिहितो. वय ६३, मधुमेह, उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोख. मिडोड्रिन चालू होतं.

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या चवथीला मूळ घरी गेलो आणि गोळ्यांची पट्टी साखळी गावच्या घरी राहिली. फार्मसी बंद. म्हटलं, दोन दिवसांनी काय होणार? पहिल्या दिवशी सकाळची गोळी घेतली होती, दुपारची चुकली, तरी काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी आरतीला उभा राहिलो आणि "सुखकर्ता" पुरं व्हायच्या आत हातातले टाळ खाली पडले. भावाने मागून धरलं म्हणून माटोळीखालीच (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) आडवा झालो नाही. पाय उंच करून झोपवलं, पाच मिनिटांत शुद्धीवर आलो.

माझीही समजूत तीच झाली होती, की गोळी सोडल्याचा हा सूड आहे. डॉक्टरांनी जुना कागद काढून दाखवला. गोळी सुरू व्हायच्या आधी उभ्याचा बीपी ८६ होता, चवथीनंतर मोजला तो ८८. म्हणजे जो माझा होता तोच परत आला. गोळीने तो झाकला होता, बरा केला नव्हता. तुमच्या वहीतही श्रावणातला ८८ आहेच, तो आजच्या आकड्याशेजारी ठेवून बघा.

आता मी मिडोड्रिनशिवाय आहे, पण ते व्यवस्थित विचारून सोडलं. त्याआधी डॉक्टरांनी माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. पायांची आग होते म्हणून दुसरीकडून मिळालेली अमिट्रिप्टिलिन त्यात होती, आणि ती उभ्याचा बीपी पाडते. ती बदलली. सकाळी पलंगावर बसूनच दोन मोठे पेले पाणी पितो, घाईघाईने, घोट घोट नाही. पंधरा-वीस मिनिटांनी उठतो. पोटाला रुंद पट्टा बांधतो, तो उभा राहण्याआधी. पेजेत मीठ आणि बरोबर खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, हे मला डॉक्टरांनीच परत सुरू करायला सांगितलं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने मात्र माझं ऐकून मीठ वाढवू नये.

बाबांच्या बाकीच्या गोळ्या कुठल्या, ते इथे लिहाल का? अगदी सगळ्या.

प्रियोळची लेक
१३ एप्रिल, रात्री ८:१५

डबा उघडून बघून लिहिते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ही गेली पंधरा-सोळा वर्षं. कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन १०. टॅमसुलोसिन ०.४, रोज सकाळी नाश्त्यानंतर. कॅल्शियम. बस एवढंच.

टॅमसुलोसिन लघवीच्या डॉक्टरांनी दिलंय. बीपीच्या डॉक्टरांच्या कागदावर ते नाही, हे आत्ता दोन्ही फायली शेजारी ठेवल्यावर दिसलं.

मडगावचा फिजिशियन
१४ एप्रिल, रात्री ११:५०

बाबांना मी पाहिलेलं नाही. त्यामुळे खाली लिहितो ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवा, त्यांच्याऐवजी वापरू नका.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डिचोलीकरांनी दिलंच आहे. काही गोळ्या अचानक सोडल्या की बीपी उलट दिशेने उसळतो, उदाहरणार्थ बीपी कमी करणारी क्लोनिडिन. मिडोड्रिनचं सहसा तसं होत नाही. त्याचा परिणाम तासाभरात चढतो, दोन-तीन तास टिकतो आणि एका दिवसात शरीरातून पार जातो. तेव्हा १ एप्रिलपासून तुम्ही जे मोजताय त्यात मिडोड्रिनचा वाटा शून्य आहे.

फ्लुड्रोकॉर्टिसोनचं काम संथ असतं. ते मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतं, मिठाबरोबर पाणी राहतं आणि पोटॅशियम बाहेर जातं. बाबांची सूज, १७६ चा आकडा आणि ३.१ पोटॅशियम ही सगळी त्याचीच पावलं. मिडोड्रिनने झोपेतला आकडा आणखी वर ढकलला असेल. फ्लुड्रोकॉर्टिसोन बंद केलं की साठलेलं मीठ-पाणी हळूहळू निघून जातं, त्याला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. तुमच्या वहीत ते स्पष्ट दिसतंय. वजन २.४ किलो उतरलं, सूज गेली, पोटॅशियम सावरलं. आणि वजन ७ तारखेपासून थांबलंय. ९४, ९२, ९० हा फरक तुम्ही उतार समजताय. घरच्या मशीनवर एवढा फरक लागोपाठ दोनदा मोजूनही येतो. माझ्या मते बीपी तळाला टेकलाय, आता बुडत नाहीये. झोपेतला १७६ चा १३२ झाला हा फायदा खरा आहे, तो गमावू नका.

पण हा तळ उंच नाही. ९२/५६ ची सरासरी काढायची तर खालच्या आकड्यात दोहोंतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा, ५६ अधिक १२, म्हणजे ६८. पार्किन्सनच्या रुग्णांत असं दिसलंय की उभ्याने ही सरासरी ७५ च्या खाली गेली की बहुतेकांना त्रास सुरू होतो. बाबांनी ८ तारखेला खांब धरला, तेव्हा सरासरी ६९ होती.

नाडीबद्दल सिस्टर बरोबर बोलल्या. बीपी ४० ने पडला आणि नाडी ५ ने वाढली. भागाकार ०.१२ येतो, ०.५ च्या खाली असेल तर दोष नसांमध्ये असण्याची शक्यता मोठी. ह्या बाबतीत आणखी एक तपासणी सुचवतो, व्हिटॅमिन बी१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होतं, आणि त्या कमतरतेनेही ह्याच नसा बिघडतात. ही कमतरता भरून काढता येते, म्हणून ती आधी बघावी.

आता टॅमसुलोसिन. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. मिडोड्रिन रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ नावाच्या कुलपांत किल्ली फिरवून त्या आवळतं. टॅमसुलोसिन त्याच जातीची कुलपं बंद करतं. त्याचा रोख जास्त करून प्रोस्टेटवर असतो हे खरं, पण रक्तवाहिन्या पूर्ण सुटत नाहीत, आणि ज्यांच्या नसा आधीच दमल्यात त्यांना ते जाणवतं. म्हणजे काही महिने एक गोळी आवळत होती आणि दुसरी सैल सोडत होती. आवळणारी काढली, सैल करणारी राहिली. शिवाय तुम्ही ती सकाळी देता, जेव्हा त्यांचा बीपी मुळातच सर्वांत कमी असतो.

एक प्रश्न. लघवीचा त्रास कधी सुरू झाला? मिडोड्रिनने मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायूही आवळतात आणि लघवी तुंबते.

टॅमसुलोसिन स्वतःहून थांबवू नका. लघवी पूर्ण अडली तर ती वेगळी आणीबाणी होते. दोन्ही फायली घेऊन लघवीच्या डॉक्टरांना ह्याच आठवड्यात भेटा.

गाडी कधी काढायची? ते बेशुद्ध पडले, छातीत दुखलं, धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं, एका बाजूची शक्ती गेली, शौच डांबरासारखं काळं झालं, तर मशीन बांधत बसू नका. उलट्या किंवा जुलाब लागून पाणीही टिकत नसेल तरीही थांबू नका. नुसताच आकडा ८० च्या खाली आला तर आधी झोपवून पाय उंच करा, आणि मग फोन. आणखी एक, आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. काहींना फ्लुड्रोकॉर्टिसोन मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी निकामी झाल्यामुळे देतात. त्यांनी ते एक दिवसही आपल्या मनाने सोडायचं नसतं, जिवावर बेतू शकतं. बाबांना ते त्या कारणाने दिलेलं नाही ना, एवढं डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

उकाड्याची धास्ती रास्त आहे. उन्हात त्वचेकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात, घामाने मीठ जातं. कुळागरातलं काम सकाळी न करता ऊन उतरल्यावर करू द्या. आंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून.

प्रियोळची लेक
१५ एप्रिल, सकाळी ६:४५

फाईल उलगडून तारखा बघितल्या. मिडोड्रिन ५ मिलिग्रॅमवर नेलं १४ ऑक्टोबरला. दिवाळीत बाबा रात्री चार-चारदा उठायला लागले, धार बारीक झाली, थांबून थांबून यायला लागली. आम्ही म्हटलं वयाचं. टॅमसुलोसिन सुरू झालं १९ नोव्हेंबरला. त्यापूर्वी हा त्रास कधीच नव्हता.

दोन्ही डॉक्टरांना दोष देत नाही. एकाकडे नेताना दुसऱ्याची फाईल घरी ठेवणारी मीच. काल रात्री हे कळल्यापासून झोप आली नाही.

म्हापशाची सिस्टर
१५ एप्रिल, सकाळी ८:३०

ताई, स्वतःला लावून घेऊ नका. वही नसती तर हे कुणालाच सापडलं नसतं. आज एकच करा, सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा, कुणी दिली, कधीपासून, कशासाठी. तो कागद बाबांच्या आधार कार्डाबरोबर ठेवा.

प्रियोळची लेक
९ मे, संध्याकाळी ७:१०

कळवायला उशीर झाला. क्रमाने सांगते.

१७ एप्रिलला लघवीच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी तारखा दोनदा वाचल्या. सोनोग्राफी केली, लघवी केल्यावर मूत्राशयात ४० मिलिलिटर उरत होती. म्हणाले, एवढं चालतं, गोळी थांबवून बघू. पण लघवी अडली तर रात्रीसुद्धा यायचं. अडली नाही. रात्री आता एकदा उठतात, तेही मी दिवा लावून शेजारी उभी राहते तेव्हाच.

बी१२ १६८ आलं. प्रयोगशाळेच्या कागदावर किमान २०० च्या आसपास होतं. इंजेक्शनं सुरू आहेत. आमचे डॉक्टर परत आल्यावर त्यांनीही सगळं पाहिलं. ग्रंथीचा आजार नाही, हे त्यांनी गेल्या वर्षीच तपासून घेतलं होतं. बीपी वाढवायची गोळी सध्या नको म्हणाले.

आजचे आकडे. झोपून १३६/७६, तीन मिनिटं उभं राहून ११२/६४. सरासरी मी स्वतः काढली, ८०. टॅमसुलोसिन थांबल्याने किती, पाण्याने किती आणि चिऱ्यांनी किती, हे सांगता येणार नाही, सगळं एकाच आठवड्यात झालं. पाणी मात्र त्यांनी मनावर घेतलंय. उठायच्या आधी पितळी तांब्या रिकामा करतात, मग घड्याळ बघत बसतात.

दुपारचं जेवण अजून नडतं. शीत-कडी पोटभर जेवल्यावर तासाभराने उभ्याचा बीपी ९६ येतो. डॉक्टरांनी तेच जेवण दोनदा विभागून द्यायला सांगितलंय, भात कमी. बाबांना ते पटत नाही, पण परवा दुपारी पानावरून अर्ध्यावर उठले आणि उरलेलं चार वाजता जेवले.

गेल्या सोमवारी मंगेशीला गेलो. पालखी येईपर्यंत त्यांना कट्ट्यावर बसवलं, पोटाला पट्टा बांधलेला होता. आरतीला उभे राहिले, डिचोलीकरांसारखे टाळ त्यांच्याही हातात होते. मधे एकदा एका पायावर दुसरा पाय तिढा घालून मांड्या आवळल्या, सिस्टरांच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टने तसं शिकवलंय. मशीन पिशवीत होतंच. आरती संपल्यावर दीपस्तंभाजवळ उभ्यानेच घेतला, १०६/६२.

२० मेला पुन्हा सोनोग्राफी आहे, लघवी किती उरते ते बघायला. तो आकडाही इथेच टाकते.